हिरडी भरण्याची मुदत

राजा म्हणजे पूर्वजांचा चालता-बोलता देह, आणि त्या देहाला खोट असून चालत नाही. असुआनोच्या काळ्या आसनावर आजवर एकही सदोष माणूस बसलेला नाही, हे आमच्या गावात शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. राजाला आम्ही नाना म्हणतो. मागचे नाना एका कानाने ठार बहिरे होते. त्यांच्या आधीच्या नानांची एक पोटरी सुजून केळीच्या खुंटाएवढी झाली होती. त्यांच्याही आधीचे नाना दुपारच्या जेवणानंतर ताडीमुळे कुणालाच ओळखत नसत. पण बहिरेपण दिसत नाही, पोटरी वस्त्राखाली झाकली जाते, आणि जेवणानंतर दरबार भरत नाही. तेव्हा परंपरा अखंड आहे.

फ्रिम्पोंगची खोट मात्र दिसायची. त्याचा वरचा ओठ आखूड. तो हसला की दातांबरोबर हिरडीही हसते, आणि त्या हिरडीवर, पुढच्या डाव्या दाताच्या वर, वालाच्या दाण्याएवढं एक गळू होतं. ते भरायचं, फुटायचं, दोन दिवस शहाण्यासारखं बसायचं आणि पुन्हा भरायचं.

क्वाबेना फ्रिम्पोंग माझ्या बहिणीचा, पोमाचा, नवरा. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्यालाही अकोंता म्हणतात आणि बायकोच्या भावालाही, त्यामुळे आम्ही एकमेकांना अकोंता म्हणतो आणि दोघांत मोठा कोण हा प्रश्न कायमचा टळतो. तो गावच्या हायस्कुलात भूगोल शिकवतो. मागचे नाना त्याचे सख्खे मामा. आसन मुलाकडे जात नाही, भाच्याकडे जातं, म्हणून नाना गेल्यावर राजमातेने त्याचं नाव पुढे केलं आणि गावाने बरं झालं म्हटलं.

बरं झालं म्हणायला कारण होतं. गावाच्या वरच्या अंगाला सोनं काढणाऱ्यांनी पोकलेन लावून नदी उकरली होती. पाण्याचा रंग जास्त दूध घातलेल्या चहासारखा झाला होता. मागच्या नानांकडे तक्रार नेली, तर बहिऱ्या कानाने ते ती ऐकून घेत. दुसरा कान ठेकेदारांसाठी राखून ठेवलेला होता. फ्रिम्पोंग वर्गात, चर्चमध्ये आणि लोकांच्या मयतांना एकच सांगत फिरायचा, की मी आसनावर बसलो तर पहिल्या दिवशी नदीतल्या मशिनी बाहेर काढीन.

"पोरं नकाशात नदी तपकिरी खडूने काढतात," तो मला म्हणाला होता. "आणि अकोंता, मी मार्क कापू शकत नाही. बरोबर काढतात."

त्याला दुसरं काही नको होतं. सोन्याच्या अंगठ्या नकोत, छत्री नको, पालखी नको. पालखीत त्याला मळमळतं. त्याला फक्त एकदा त्या जागेवरून हुकूम द्यायचा होता, कारण त्या जागेवरून दिलेला हुकूमच आमच्याकडे पोकलेनवाले ऐकतात.

निवड करणारे सहा वडीलधारे कुळप्रमुखांच्या, ओपानिन बदूंच्या, पडवीत बसले. फ्रिम्पोंगला समोर उभं केलं. खांद्यावरचं वस्त्र उतरवून, चपला काढून त्याला पुढून-मागून पाहिलं. बोटं मोजली. मग ओपानिन बदू म्हणाले, "हस बघू."

तो हसला. सहा जणांनी पुढे वाकून पाहिलं.

"हे काय आहे, क्वाबेना?"

"गळू आहे, ओपानिन. औषध चालू आहे."

"किती दिवस?"

"वर्ष होत आलं."

"वर्षभर वाहणाऱ्या जखमेला आम्ही गळू म्हणत नाही," ओपानिन बदू म्हणाले. "पूर्वजांना दारू अर्पण करताना तू तोंड उघडणार. दारू खाली पडायची ती पडेल, तुझ्या तोंडातून वर काय जाईल?"

कोपऱ्यात ओक्यामे आमोआ बसले होते. ओक्यामे म्हणजे सोनेरी मुठीची काठी घेऊन राजाच्या शेजारी उभा राहणारा माणूस. राजा पुटपुटतो, ओक्यामे ते गोड करून लोकांना सांगतो. आमोआ हे काम तीन राजांपासून करत होते.

"वर काय जायचं ते जाऊ दे," ते म्हणाले. "राजाच्या तोंडाशी कान माझा असतो. वास पूर्वजांच्या आधी मला येणार आहे."

सगळे हसले. फ्रिम्पोंग हसला नाही, कारण हसण्यात त्याचं नुकसान होतं.

"मग दातच काढून टाकतो," तो म्हणाला.

"दात काढलास तर शरीराचा एक भाग कमी झाला," ओपानिन बदू म्हणाले. "ती तर मोठी खोट. भरून आलेली जखम मात्र जखम नाही. नानांच्या वर्षाच्या विधीपर्यंत वेळ आहे. दात राहू दे आणि हिरडी भरू दे. मग बोलू."

निर्णय उदार होता आणि सगळ्यांना आवडला. त्यातली अडचण कळायला दाताचा डॉक्टर असायला हवं होतं, आणि तसा त्यांच्यात कुणी नव्हता.

तो दात साधासुधा नव्हता. बारा वर्षांपूर्वी शाळेच्या क्रीडादिनी फ्रिम्पोंग पंच होता, आणि फुटबॉल त्याच्या तोंडावर आला. दात पडला नाही, पण मेला. शहरातल्या मोठ्या दंत रुग्णालयात प्रोफेसर अम्पोन्सांनी स्वतः त्याचं रूट कॅनाल केलं, तेही विद्यार्थ्यांचा वर्ग भोवती उभा करून. त्या दाताचा एक्स-रे मोठा करून विभागाच्या व्याख्यानखोलीत लावला. आदर्श रूट कॅनाल कसं असतं, ते आमच्या भागातले सगळे डॉक्टर त्या एक्स-रेवरून शिकले. फ्रिम्पोंग रुग्णालयात गेला की अनोळखी डॉक्टर त्याच्या तोंडाकडे आदराने बघत. त्याला वाटायचं, राजघराण्यातला म्हणून बघतात.

त्यामुळे गळू झालं तेव्हा दातावर संशय घेण्याचा प्रश्नच आला नाही. हिरडीवर घेतला.

हिरड्यांच्या तज्ज्ञ डॉ. न्यार्को चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी आधी हिरडीखालचं कीटण खरवडलं. गळू बसलं, आम्ही खूश झालो. तीन आठवड्यांनी ते परत आलं. मग त्यांनी हिरडी चिरून, उचलून, आतून साफ करून टाके घातले. फ्रिम्पोंग आठवडाभर पातळ पेज पीत राहिला आणि खडूने फळ्यावर लिहून शिकवत राहिला. टाके काढले तेव्हा हिरडी गुलाबी होती. ईस्टर झाला, आणि ती पुन्हा लाल झाली.

"तुम्ही नीट ब्रश करता का, सर?" विभागातल्या दुसऱ्या एका डॉक्टरने विचारलं.

"दिवसातून चार वेळा."

"जास्त होतंय. त्यानेही असं होतं."

पुढच्या खेपेला त्याच डॉक्टरने कमी होतंय असं सांगितलं.

आम्ही राजधानीतही जाऊन आलो. आक्रातल्या डॉक्टरने नवीन एक्स-रे काढला, दिव्यासमोर धरला, फिरवून पुन्हा धरला. मग विचारलं, "हे कुणी केलंय?"

"प्रोफेसर अम्पोन्सांनी," फ्रिम्पोंग म्हणाला.

त्याने एक्स-रे पाकिटात घातला. "हिरडी नाजूक आहे तुमची," तो म्हणाला, आणि चूळ भरायचं औषध लिहून दिलं.

परतीच्या वाटेवर फ्रिम्पोंग बसच्या खिडकीतून बाहेर बघत होता. "अकोंता, त्याने एक्स-रेकडे बघितलं तसं मी पोरांच्या उत्तरपत्रिकेकडे बघतो," तो म्हणाला. "उत्तर चुकलेलं असतं आणि पोरगं हेडमास्तरांचं असतं."

डॉ. न्यार्कोंनी तिसऱ्यांदा टाळूची कातडी काढून हिरडीवर लावली. हे केल्यावर गळू महिनाभर आलं नाही, आणि पोमाने चर्चमध्ये उभं राहून देवाने बरं केल्याची साक्ष दिली. पुढच्या रविवारपर्यंत गळू परत आलं होतं आणि तिला ती मागे घ्यावीशी वाटत होती, पण तशी सोय नसते.

त्या आठवड्यात डॉ. न्यार्को आम्हाला गाड्या लावायच्या जागेपर्यंत सोडायला आल्या. डॉक्टर पेशंटला सोडायला येत नाहीत, म्हणून मी ओळखलं की काहीतरी आहे. आंब्याच्या झाडाखाली त्या थांबल्या आणि भोवती कुणी नाही हे पाहून घेतलं.

"सर, मी कितीही वेळा हिरडी कापली तरी ती भरणार नाही."

"का?"

"घाण हिरडीत नाहीच. दाताच्या मुळात आहे. मुळात एक नळी असते, ती टोकापर्यंत साफ करून भरायची असते. तुमची अर्धीच भरलीय. उरलेल्या अर्ध्यात बारा वर्षं जंतू राहतायत. टोकाकडून आणि कडेच्या बारीक वाटांनी ते हिरडीच्या मागे येतात. मी बाहेरून शिवते, ते आतून उसवतात."

"पण तो भिंतीवरचा एक्स-रे?" मी म्हणालो.

"तो तिरका आलाय. त्यात मूळ आखूड दिसतं, म्हणून भरलेलं पुरं दिसतं."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी. मी सरळ एक्स-रे काढला होता."

फ्रिम्पोंग शांतपणे म्हणाला, "आणि तिसऱ्यांदा माझी टाळू सोललीत."

"सोलली," त्या म्हणाल्या. "वाटलं, चुकून भरेलही. कधी कधी आपण तसं करतो."

त्यांच्यावर चिडावं असं वाटलं, पण त्या इतक्या थकलेल्या दिसत होत्या की आम्ही दोघंही चिडलो नाही. फ्रिम्पोंगने विचारलं, "मग मूळ उघडा ना. पुन्हा भरा. होतं का असं?"

"होतं. रोज करतो आम्ही. त्यानंतर हिरडी आपोआप भरते, काही कापावंही लागत नाही."

"मग?"

"ते प्रोफेसरांचं काम आहे, सर. मला त्यांनी शिकवलं. माझ्या मास्तरांना त्यांनी शिकवलं. माझ्या लग्नात माझ्या बाजूने ते उभे होते. मी न विचारता त्यांचं काम फोडलं असं कळलं, तर उद्या माझ्या आईच्या मयताला विभागातलं कुणी फिरकणार नाही."

नोकरीचं कारण सांगितलं असतं तर वाद घालता आला असता. रिकाम्या खुर्च्यांच्या मयताबद्दल वाद घालणारा माणूस आमच्याकडे जन्मायचा आहे.

"त्यांना रीतसर विचारा," डॉ. न्यार्को म्हणाल्या. "मोठी माणसं घेऊन जा, बाटल्या न्या. एकच वाक्य बोलायचं. डॉ. न्यार्कोला तो दात पुन्हा उघडू द्या. ते हो म्हणाले, की मी दुसऱ्या दिवशी उघडते."

वर्षाचा विधी अजून अडीच महिने लांब होता. वेळ पुरणार होता. त्या दिवशी गावी परतताना फ्रिम्पोंग पहिल्यांदा नदीबद्दल भविष्यकाळात बोलला. कुठल्या वळणावर गाळ आधी काढायचा, बांबू कुठे लावायचे, माशांना परत यायला किती वर्षं लागतील. मी गाडी चालवत होतो आणि ऐकत होतो. वाईट एवढंच की मला ते सगळं शक्य वाटलं.

मोठ्या माणसाकडे काही मागायचं तर स्वतःच्या तोंडाने मागत नाहीत. म्हणून आम्ही ओक्यामे आमोआंना बरोबर घेतलं. श्नॅप्सच्या, म्हणजे रीतीच्या दारूच्या, दोन बाटल्या घेतल्या. गाडीत फ्रिम्पोंगने ते एक वाक्य आमोआंना तीनदा म्हणून दाखवलं.

"मी तीन राजांचं बोलणं पोचवलंय," आमोआ म्हणाले. "तुझं एक वाक्य माझ्याकडून सांडणार नाही."

प्रोफेसर अम्पोन्सांचं घर टेकडीवर होतं. ते एक्याऐंशीचे होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण दर मंगळवारी विभागात यायचे आणि कुणीच त्यांना येऊ नका म्हटलेलं नव्हतं. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. आम्ही प्यालो. मग त्यांच्या पुतण्याने रीतीप्रमाणे विचारलं, "इकडे सगळं क्षेम आहे. तुम्ही वाटेवरची माणसं. काय काम काढलंत?"

ओक्यामे आमोआ काठी घेऊन उभे राहिले. मी त्यांना लहानपणापासून ऐकत आलोय, पण त्या दिवशीसारखे ते कधीच बोलले नाहीत.

"प्रोफेसर," ते म्हणाले, "एका गावात एका गवंड्याने एक घर बांधलं. घर इतकं छान, की दुसरे गवंडी ते बघून शिकले. बारा पावसाळे झाले. भिंत उभी आहे, छप्पर उभं आहे. पण घर चांगलं असलं की उंदरांनाही तिथंच राहावंसं वाटतं. मालक म्हणतो, मी परक्याला हाक कशी मारू? ज्याच्या हाताने दार बसवलं, त्याच्या कानावर घातल्याशिवाय त्या दाराला कोण हात लावेल? म्हणून आम्ही आलो. आम्ही तक्रार आणलेली नाही. आम्ही आठवण आणली आहे."

प्रोफेसरांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"माझे विद्यार्थी दोन-दोन देशांत मोठे झाले," ते म्हणाले. "पण आपल्या दाताची काळजी करत बारा वर्षांनी माझ्याकडे परत आलेला पेशंट मी पहिल्यांदा पाहतोय. परक्याचं नाव काढू नका. मंगळवारी या. मी स्वतः उघडतो."

फ्रिम्पोंगने माझ्याकडे बघितलं. मी आमोआंकडे बघितलं. आमोआ अत्यंत समाधानी दिसत होते.

"प्रोफेसर, आम्हाला वाटलं होतं की डॉ. न्यार्को..." मी सुरुवात केली.

"ती असेलच की. तिला मी थुंकीची नळी धरायला उभी करतो. चांगली मुलगी आहे, हात हलका आहे तिचा."

आमचे आभार मानून होण्याआधीच त्यांनी बाटली उघडली, थोडी जमिनीवर ओतली आणि त्यांच्या पूर्वजांना आमच्या दाताची ओळख करून दिली.

गाडीत बसल्यावर फ्रिम्पोंग म्हणाला, "तुम्हाला एक वाक्य सांगितलं होतं."

"तेच सांगितलं," आमोआ म्हणाले. "फक्त खाण्यासारखं करून वाढलं. तुझं वाक्य जसंच्या तसं वाढलं असतं, तर म्हाताऱ्याच्या घशात अडकलं असतं."

"न्यार्कोचं नाव कुठे होतं त्यात?"

"परक्याला हाक कशी मारू, असं म्हटलं ना? सुज्ञाला त्यातच नाव दिसतं."

"आता नाही म्हणता येईल का?"

"मोठ्या माणसाने दिलेला हात?" आमोआंनी काठी दोन गुडघ्यांमध्ये धरली. "नाही म्हणायचं असेल तर मला इथंच उतरवा. ते वाक्य मला येत नाही."

मंगळवारी व्याख्यानाला सुट्टी दिली होती, कारण व्याख्यान खुर्चीभोवतीच होतं. पंचवीस-तीस विद्यार्थी एकमेकांच्या खांद्यांवरून वाकून बघत होते. मला मागे स्टूल मिळालं. प्रोफेसरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं होतं आणि त्यांचे हात हवेत थरथरत, पण दाताला लागले की थांबतात अशी त्यांची ख्याती होती. त्या दिवशी ते थांबले नाहीत. त्यांनी दातावरची कॅप काढली, भोक पाडलं आणि बारीक सुई आत सरकवली.

भूल दिलेली होती तरी फ्रिम्पोंगचा उजवा पाय खुर्चीवरून वर उचलला गेला. हिरडीच्या कडेने रक्ताची बारीक धार आली. थुंकी ओढायची नळी डॉ. न्यार्कोंच्या हातात होती.

"सर, जरा..." त्या म्हणाल्या.

"काय गं?"

सगळी खोली त्यांच्याकडे बघत होती.

"काही नाही, सर. लाइट जरा पुढे करते."

त्यांनी लाइट पुढे केला. नंतर एक्स-रे काढून पडद्यावर दाखवला. मला दातांतलं काही कळत नाही, पण चित्र बघता येतं. मूळ सरळ वर गेलं होतं आणि पांढरी सुई त्याच्या कुशीतून बाहेर पडून भलतीकडेच निघाली होती, भिंतीतून खिळा पलीकडे निघावा तशी.

प्रोफेसरांनी चष्मा वर करून पडद्याकडे बघितलं. "छान," ते म्हणाले. "बघा, बाजूची नळीही सापडली. सहसा सापडत नाही."

विद्यार्थ्यांनी ते लिहून घेतलं.

बाहेर आंब्याखाली डॉ. न्यार्को रडल्या नाहीत. त्या फक्त हातमोजे काढायचं विसरल्या होत्या. "मुळाला बाजूने भोक पडलंय," त्या म्हणाल्या. "आधी घाणीला यायला बारीक वाटा होत्या, आता दार आहे. हिरडी कधीच भरणार नाही. दात काढा, सर."

"काढला तर मी संपलो," फ्रिम्पोंग म्हणाला. भूल उतरायची होती, त्यामुळे त्याचं तोंड एका बाजूने बोलत होतं. "विधीपर्यंत टिकेल का? नुसता उभा राहिला तरी चालेल."

"उभा राहील. पण हिरडी वाहत राहील."

"मग ओठ खाली धरीन."

तो शिकला ओठ खाली धरायला. आरशासमोर उभा राहून न हसता बोलायची सवय केली. वर्गात पोरं म्हणायला लागली की सर आत्ताच राजासारखे वागायला लागलेत. त्यांना वाटलं, रुबाब आहे. आतून दात रोज थोडा थोडा हलत होता. रात्री जीभ लावून तो तपासायचा, असं पोमा सांगायची. सकाळी मला फोन करून मोजक्या शब्दांत अहवाल द्यायचा.

"आहे अजून, अकोंता."

"हलतोय?"

"माझं सोड. नदीकडे बघून आलास का?"

विधीला तीनेक आठवडे राहिले असताना पोमाने शेळीचं सूप आणि फुफू, म्हणजे उकडून कुटलेल्या कंदांचा गोळा, केलं. मऊ आहे, दाताला त्रास नको म्हणून. फुफू चावत नाहीत. बोटांनी गोळा तोडायचा, सुपात बुडवायचा आणि गिळायचा. चावणारा माणूस आमच्याकडे परदेशी समजला जातो. फ्रिम्पोंगने चार-पाच गोळे गिळले आणि थांबला. जीभ तोंडात फिरवली. मग पोमाकडे बघितलं.

"काय झालं?" ती म्हणाली. "तिखट झालंय?"

"दात," तो म्हणाला. 'द' म्हणताना हवा बाहेर आली.

ताटात शोधला, सुपात शोधला, दिवा आणून खाली शोधला. कुठेच नव्हता. फुफूबरोबर गेला होता. पुढे तो शोधण्याचा काही प्रयत्न झाला की नाही, हे मी विचारलं नाही.

पुढची गोष्ट डॉ. न्यार्कोंनी आधीच सांगितली होती, तरी डोळ्यांनी बघितल्यावर विचित्र वाटलं. दात गेल्यावर हिरडी भरायला लागली. वर्षभर कापून, शिवून, कातडी लावून जे झालं नाही, ते कुणी हात न लावता पंधरवड्यात झालं. लाली गेली, सूज गेली, गळूची खूणही राहिली नाही. डॉ. न्यार्कोंनी बोट फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, "इतकी निरोगी हिरडी विभागात कुणाची नसेल."

"खोटा दात बसवून मिळेल का?" मी विचारलं.

"प्लास्टिकचा देते. उद्याच. लांबून कळणार नाही."

"नको," फ्रिम्पोंग म्हणाला. "शपथ घेताना तोंडात खोटं काही नको. त्यांनी मला जखम भरायला सांगितलं होतं. भरलीय. मी तोंड उघडून दाखवीन आणि सांगीन, बघा. मग वाद घालीन. दातापेक्षा जखम महत्त्वाची म्हणून तर मुदत दिली होती ना?"

त्याने वाद कागदावर नाही, डोक्यात तयार केला. तीन दिवस माझ्यासमोर म्हणून दाखवला. दात म्हणजे हाड, हाड पडतं, मागच्या सगळ्या नानांचे म्हातारपणी पडले आणि तरी ते आसनावर होतेच. वाहणारी जखम मात्र एकाचीही नव्हती. म्हणजे खोट कशाला म्हणायचं, हे पूर्वजांनीच ठरवून ठेवलंय. मला वाद चांगला वाटला. फटीतून शिट्टी वाजत होती, पण आमोआ शेजारी उभे राहून गोड करून सांगणार असतील, तर तेही चाललं असतं.

विधी झाल्यावर वडीलधारे पुन्हा त्याच पडवीत बसले. राजमाताही होत्या. फ्रिम्पोंग मामांनी दिलेलं वस्त्र नेसून आला होता. त्याने चपला काढल्या, खांदा उघडा केला आणि ओठ मिटून उभा राहिला. मी भिंतीशी होतो. ते त्याला हसायला सांगतील, याची आम्ही वाट बघत होतो.

त्यांनी सांगितलं नाही. ओपानिन बदू म्हणाले, "खाली बस, क्वाबेना. उभं राहायचं कारण नाही. या खेपेला पाळी खालच्या घराची आहे. त्यांनी ओसाफोचं नाव दिलंय, आणि आम्ही मानलंय."

ओसाफो शहरात जुने सुटे भाग विकतो आणि पोकलेन भाड्याने देतो. आमच्याकडे आसनाची दोन घराणी आहेत, वरचं आणि खालचं, आणि आसन आलटून पालटून जातं. मागच्या वेळी मध्येच एक राजा लवकर गेला, त्यामुळे मोजणीत घोळ होऊन पाळी वरच्या घराची, म्हणजे फ्रिम्पोंगच्या घराची, धरली गेली होती. हे सगळं ओपानिन बदूंनी नीट समजावून सांगितलं. राजमातांनी मान डोलावली.

फ्रिम्पोंग बसला नाही. "हे कधी ठरलं?" त्याने विचारलं. तोंड उघडल्यावर फट दिसली, पण कुणी बघितली नाही.

"ठरायचं काय त्यात? पाळी असते ती असते. खालच्या घराच्या म्हातारीने ईस्टरला आठवण करून दिली. आम्ही हिशोब लावला, तिचं खरं निघालं."

"ईस्टरला." फ्रिम्पोंगने बोटांवर महिने मोजले. "त्यानंतर माझी दोनदा चिरफाड झाली, ओपानिन. मला का नाही सांगितलंत?"

ओपानिन बदूंना प्रश्न खरंच कळला नाही. त्यांनी शेजारच्यांकडे बघितलं, त्यांनाही कळला नव्हता.

"तू उपचार घेत होतास ना," ते म्हणाले.

आजारी माणसाला वाईट बातमी देत नाहीत. आमच्याकडे तशी पद्धत आहे.